सुकदेवचं पाऊल

सुकदेवला वाटेत रामराम घातला तर तो उत्तर देत नाही. उजव्या हाताचं एक बोट वर करतो आणि चालत राहतो. नवखा माणूस मनात म्हणतो, केवढा मग्रूर म्हातारा! आम्हा इंझोरीकरांना मात्र त्या बोटाचा अर्थ ठाऊक आहे: थांबा, मोजणी चालू आहे. जिथे जायचं तिथे पोचला, आकडा मनात नीट बसवला, की तो मागे फिरतो आणि मघाच्या माणसाला शोधून काढून म्हणतो, "हां, रामराम. काय म्हनत होता?" तोवर तो माणूस बहुतेक वेळा घरी जाऊन जेवायला बसलेला असतो. सुकदेव त्याच्या ताटापुढे उभा राहून रामराम घालतो.

सुकदेव पावलं मोजतो. आम्ही दोघं एका वर्गात होतो तेव्हापासून मोजतो. त्याचे पाय लहानपणापासून धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. दोन गुडघ्यांमधून कोंबडी पळून जाईल, असं आमचे गुरुजी म्हणायचे. पण त्या वाकड्या पायांचं प्रत्येक पाऊल अडीच फुटांचं. ओल्या मातीतून तो गेला की मागचे ठसे दोरी धरून लावलेल्या कपाशीसारखे दिसायचे.

त्याला घर विचारा.

"मारोतीच्या पारापासून एकशे चौदा."

"कोणत्या बाजूला?"

"ते तुमचं तुमी पाहा. म्या मोजून सांगतो, अंदाजानं नाई."

हे त्याचं आवडतं वाक्य. पाऊस किती झाला, भाजीत मीठ कसं आहे, जावई कसा मिळाला, सगळ्याला त्याचं हेच उत्तर. स्वतःच्या लग्नात तो घोड्यावरून अर्ध्या वाटेत उतरला आणि मांडवापर्यंत पायी गेला. वऱ्हाडी मंडळींना वाटलं, नवरदेव रुसला. सुकदेव म्हणाला, "घोड्याचं पाऊल माह्या हिशेबात बसत नाई."

एका मयतीत तो खांदेकऱ्यांच्या मागून मोजत चालला होता. नाल्याजवळ मयताचा थोरला मुलगा रडत रडत त्याच्या गळ्यात पडला आणि आकडा चुकला. सुकदेवनं त्याचे डोळे पुसले, त्याला दुसऱ्या कुणाच्या हवाली केलं, मयताच्या घरी परत जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली. स्मशानात पोचला तेव्हा लोक आंघोळीला निघाले होते. "सातशे एकेचाळीस," तो त्या मुलाला म्हणाला. त्या दिवशी मुलाला पहिल्यांदा हसू आलं.

पण या वेडाला गावात मान होता. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की सरकारी मोजणीच्या आधी घरच्या घरी वाटणी होते, आणि ती कुणीतरी विश्वासाचा माणूस चालून करतो. आसपासच्या पाच-सहा गावांत तो माणूस म्हणजे सुकदेव. सकाळी दव असताना यायचा. चपला धुऱ्यावर काढून ठेवायचा; टाचेची जाडी मोजणीत नको. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. दोन्ही भावांकडचा चहा नाकारायचा. हद्दीचा दगड पुरल्याशिवाय कुणाच्या घरचं पाणीसुद्धा नाही. मग तो चालायला लागला की भांडखोर माणसंही गप्प व्हायची. धुक्यातून एक वाकड्या पायांचा माणूस ओठ हलवत पलीकडे जातो आहे, तुरीची फुलं त्याच्या कंबरेला लागताहेत, आणि तो थांबेल तिथे आपली जमीन संपणार आहे. मी हे पुष्कळदा पाहिलं. मला ते देवळातल्यासारखं वाटायचं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

आमचे वडील गेल्यावर माझं आणि माझा धाकटा भाऊ वसंता याचं शेतही सुकदेवनंच वाटलं. पुढे दोन वर्षांनी मी बोअर घेतली ती कोरडी गेली. वसंतानं घेतली, आणि त्याला धुऱ्यापासून दोन पावलांवर पाणी लागलं. भरपूर लागलं. मी शाळेत मास्तर होतो. शाळेचा खेळाचा लांब टेप माझ्या ताब्यात असायचा. एका दुपारी कुणी नसताना मी शेत मोजलं. सुकदेवची वाटणी चार बोटांच्या आत बरोबर होती.

ते कळल्यावरही मी पारावर बसून म्हणालो, "सकाळी सुकदेवचा गुडघा आखडलेला असतो. माझ्या बाजूनं सुरुवात केली तेव्हा पावलं आखूड पडली. वसंताकडे जाईतो गुडघा मोकळा झाला. माझ्याकडे तीन पावलं कमी आली असावीत."

मी 'असावीत' म्हणालो. मास्तरांनी म्हटल्यावर गावानं ते 'आलीच' असं धरलं, निदान मला तसं वाटलं. वसंता भांडला नाही. त्यानं दगड तीन पावलं स्वतःच्या बाजूला सरकवला आणि बोअर माझ्या शेतात आली. मग एक दिवसाआड त्याला पाणी देऊन मी गावात मोठ्या मनाचा माणूसही ठरलो.

दुसऱ्या दिवशी सुकदेव माझ्या ओट्यावर आला. एकच प्रश्न विचारला. "मास्तर, तुले खरंच वाटते?"

"वाटतं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि गेला. त्यानंतर बारा वर्षं त्यानं कुणाचं शेत मोजलं नाही. रस्त्यानं मोजत जायचा, बोट वर करायचा, पण दव पडलेल्या सकाळी धुऱ्यावर त्याच्या चपला कधी दिसल्या नाहीत. लोकांनी बोलावणं बंद केलं असणार, असं मी समजलो. माझ्यामुळे बंद केलं, हेही समजलो. आणि गप्प राहिलो.

पुढे गुडघे खरोखरच गेले. गंमत अशी, की दुखत असतानाही हा गडी पाऊल आखूड टाकेना. दात-ओठ खाऊन एकशे चौदालाच घरी पोचायचा. मंगरूळपीरला दिलेली त्याची मुलगी वंदना दर आठवड्याला येऊन ओरडायची, "बाबा, भिंत धरून धरून चुना संपला घराचा! दोन्ही गुडघे बदलून घ्या ना."

"गुडघा बदलला का पाऊल बदलते, माय."

"मंग काय होते?"

"तुले नाई समजत."

सहा वर्षं हाच संवाद. बायको वारल्यावर तर त्यानं उठणं-बसणंच कमी केलं. आणि मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी स्वतःहून म्हणाला, "चाल माय, बदलून टाकू." का, ते सांगितलं नाही. वंदनाला दोन दिवस आनंदानं झोप आली नाही. तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून सोबतीला मी गेलो. गावाला वाटलं, काय मैत्री!

अकोल्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून समजावलं, हाडावर हाड घासतं आहे, वरचा भाग काढून धातूची टोपी बसवू. सुकदेवनं सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, पाऊल तेवढंच राहीन ना?"

"आजोबा, पळाल तुम्ही!"

"पयाचं नाई. चालाचं हाये."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. काय करणार?

ऑपरेशनची हकीकत त्यानं मला इतक्यांदा सांगितली की ती माझ्याच गुडघ्यांची वाटते. कंबरेत सुई दिली, कंबरेखालचं सगळं गेलं. मध्ये हिरवा पडदा. "पडद्याच्या तिकडं सुतार होते, मास्तर. ठोकून राह्यले, कापून राह्यले, पानी मारून राह्यले. म्या म्हनलं, कोनाच्या घराची चौकट चालू हाये? मंग ध्यानात आलं, चौकट माहीच."

"भीती नाही वाटली?"

"म्या तथी होतोच कुठी? म्या वावराईत होतो."

त्याला झोपेचं काहीतरी दिलं असणार. तो सांगायचा, की तो गावाबाहेर पडला. सकाळ होती, पण सूर्य नव्हता. सगळीकडे दुधासारखा उजेड. हरभऱ्यावर दव. त्यानं आजवर मोजलेली सगळी शेतं एकापुढे एक लागून होती, मध्ये रस्ते नाहीत, गावं नाहीत. तो एका शेतातून दुसऱ्यात जात होता. पाय जमिनीला टेकत नव्हते. टेकत नाहीत म्हणून मोजता येत नव्हतं. प्रत्येक धुऱ्यावर कुणी ना कुणी उभं होतं, कित्येक तर मरून गेलेले, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.

"काय म्हणत होते?"

"काईच नाई. वाट पाहून राह्यले होते, किती झाले म्हनून."

हे सांगताना तो खिडकीबाहेर बघायचा. बाहेर दवाखान्याची पाण्याची टाकी होती.

शेजारच्या खाटेवर मंगरूळपीरचे हमीदचाचा, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. त्यांचा डावा गुडघा बदललेला. "हमारा घुटना तो क्लच में गया," ते अभिमानानं सांगायचे. औषधाच्या गुंगीत सुकदेव आकडे पुटपुटायचा. दुसऱ्या दिवशी चाचांनी हात जोडले.

"भाऊ, ये गिनती कहाँ तक जाती है?"

"काहून?"

"कल नौ सौ बारह पे हमारी नींद खुली, अब तक लगी नहीं. एक बार मुकाम पे पहुँचा दो."

मग दोघांची जमली. चाचांचा हिशेब किलोमीटरच्या दगडांचा, सुकदेवचा पावलांचा. मंगरूळपीरच्या बस स्टँडपासून दर्गा किती, यावर त्यांचं एक अख्खी दुपार चाललं. चाचा म्हणाले, गियर बदलेपर्यंत येतो. सुकदेव म्हणाला, "म्या मोजून सांगतो." चाचा म्हणाले, "अरे, तू पहले पलंग से उतर के तो दिखा!" दोघंही इतके हसले की टाक्यांना कळ लागली आणि नर्स रागावली.

व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, बारीक, गोड आवाजाची. "काका, टाच सरकवत पाय जवळ घ्या. दहा वेळा. एक... दोन..." सुकदेवच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण कान मोजणीवर.

"आठ..."

"सात, बाई. एक गटकला तुमी."

"बरं, सात."

तिच्याकडे गुडघ्याचा कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी होती. पहिल्या दिवशी पंचावन्न अंश आले. नव्वद व्हायला हवेत, असं तिनं सांगितलं. सुकदेव त्या पट्टीकडे आदरानं बघत राहिला. "मास्तर, पाह्य ना! गुडघा बी मोजते. अंदाजानं नाई." त्या दिवसापासून त्यानं व्यायामाला कुरकुर केली नाही. उशी तोंडात धरून वाकवायचा. घरी सोडलं त्या दिवशी अठ्ठ्याऐंशी होते. दोन अंश कमी राहिले म्हणून तो अकोल्यापासून गावापर्यंत बोलला नाही.

घरी आल्यावर लोकांची रीघ. बाया येऊन गुडघ्यावर हात ठेवून बघायच्या, आतलं लोखंड लागतं का. कुणी म्हणालं, विजा चमकताना बाहेर जाऊ नका. कुणी म्हणालं, गुडघ्याला तेल द्या, नाहीतर गंजतील. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उंच खुर्चीच वापरायची. त्यामुळे पंगतीत सुकदेव एकटा खुर्चीवर बसून जेवायचा आणि पाटील म्हणवून घ्यायचा. वॉकर गेला, काठी आली. पावसाळा संपला. काठीही दाराला टेकून राहायला लागली.

मग थंडी पडली. एका सकाळी मी फिरायला निघालो तर धुक्यात सुकदेव दिसला. पारापासून घराकडे मोजत चालला होता. घरी पोचला, थांबला, परत पाराकडे आला. पुन्हा चालला. मी रामराम घातला नाही. सहा वेळा त्यानं ती वाट केली आणि प्रत्येक वेळी घराच्या दारात जास्त वेळ उभा राहिला. मला वाटलं, व्यायाम असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या ओट्याच्या पायऱ्या चढून आला. बारा वर्षांनी. अंगात धुतलेला सदरा. मी खुर्ची दिली. तो बसला नाही.

"मास्तर, माफी मागाले आलो."

"कसली?"

"तू खरा होता. माहं पाऊल आखूडच होतं." त्याचा आवाज पडला होता. "एकशे चौदा नाई भरत. एकशे आठ भरते. सहा डाव मोजलं. नाला बी तसाच, शाळा बी तशीच. सगळंच कमी भरते. म्हंजे म्या जलमभर लोकाईले खोटं मोजून देल्लं. तुले बी. म्या यासाठीच गुडघे बदलले, मास्तर. दुखते म्हनून नाई. चांगल्या पायानं एकडाव मोजून पाहाव म्हनलं, तू म्हनत होता ते खरं का काय. खरं निंगालं. आता एकेकाच्या दारात जातो आन् सांगतो. पयलं तुह्या दारात आलो."

त्यानं हात जोडले.

मी आयुष्यात पुष्कळ मुलांना खरं बोलायला शिकवलं आहे. ती वेळ आता माझ्यावर आली होती. आतून सुनेनं चहा आणला, ठेवला, गेली. कपावरची वाफ संपेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

मग मी बोललो. आधी गुडघ्यांचं बोललो, कारण ते सोपं होतं. "तुझे पाय वाकडे होते, सुकदेव. डॉक्टरांनी ते सरळ केले. सरळ पायाचं पाऊल लांब पडतं. जुनं पाऊल खोटं नव्हतं. जुनं अडीच फूटच होतं."

"तुले काय मालूम?"

"मी टेपनं मोजलं होतं."

"कधी?"

"पारावर बोललो त्याच्या आधी."

तो माझ्याकडे बघत राहिला. पाय सरळ झाल्यापासून तो माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झाला होता, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या डोळ्यांत बघायला मला मान वर करावी लागली. मी सगळं सांगितलं. टेप, चार बोटं, बोअरचं पाणी. तो रागावेल, शिवी देईल, म्हणून मी थांबलो.

"म्हंजे बरोबर होतं?" तो म्हणाला.

"बरोबर होतं."

"सगळ्याईचंच?"

"सगळ्यांचंच."

तो खुर्चीवर बसला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून अंगणाकडे बघत होता. धुकं उतरत होतं, समोरच्या छपरावरून थेंब पडत होते.

"लोकांनी तुला बोलावणं बंद केलं," मी म्हणालो, "ते माझ्यामुळे."

"कोन म्हनते बंद केलं?" त्यानं मान वळवली. "बलावत होते. दर सालीच बलावत होते. इंझोरीतले, अनसिंगकडचे बी. म्याच नाई म्हनत होतो. एखाद्याचं तीन पाऊल जाईन त माह्या डोक्शावर पाप." मग थोडं थांबून, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "लोकाईनं तुह्यावर इश्वास ठेवला नाई, मास्तर. म्या ठेवला. पाय माहे होते, पन तू कायले खोटं बोलशीन, म्हनलं."

मी गार झालेला कप त्याच्यापुढे सरकवला.

"वसंताले सांगतलं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग मले पयले कायले सांगत बसला? वावर त्याचं गेलं." त्यानं हात पुढे केला. "उठव मले. खुर्ची ठेंगणी हाये तुही. चाल."

वसंता त्याच्या अंगणात फवारणीचा पंप धूत होता. सुकदेवला त्यानं उंच स्टूल दिलं. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. वसंता पंप धूतच राहिला. पाणी भरून वाहायला लागलं तरी त्याचा हात थांबला नाही. शेवटी त्यानं पंप उपडा घातला, हात पुसले. माझ्याकडे बघितलं नाही.

"दगड उद्या हलवू," एवढंच मला म्हणाला.

मग सुकदेवकडे वळला. "सुकदेवभाऊ, दोघा पोराईचे हिस्से करून द्याचे हायेत. तुमी मोजसान काय?"

सुकदेवनं चपलेतून एक पाय बाहेर काढला, अंगणातल्या ओल्या मातीवर टेकवला, उचलला आणि त्या ठशाकडे बघत राहिला.

"पाऊल नवीन हाये, वसंता," तो म्हणाला. "अजून माह्या वळखीचं नाई झालं. होळीपर्यंत थांबशीन?"

"थांबतो ना."

आम्ही निघालो. फाटकापाशी जाऊन सुकदेव थांबला, मागे वळला आणि मोठ्यानं, जवळजवळ भांडल्यासारखं ओरडला, "थांबतो म्हनलं ना? मंग दुसऱ्या कोनाले बलावू नको!"